शिशाचे नळ आणि चुन्याचा थर

मागच्या अंकात पिण्याच्या पाण्यातल्या धातूंवर लिहिताना मी ओघात म्हटलं होतं की, रोमन लोक दोन हजार वर्षांपूर्वी शिशाच्या नळांतून पाणी पीत होते. त्या एका वाक्यावर जेवढी पत्रं आली तेवढी बाकीच्या लेखावर आली नाहीत. पस्तीस वर्षं मी नगरपालिकांच्या पाणीपुरवठा विभागात काढली आणि रोमचं पाणी हा माझा तेव्हापासूनचा ध्यास आहे. त्यामुळे या वेळचं सदर सगळं त्यालाच देतो.

प्रश्न : शिशाच्या नळांमुळे रोमन लोकांना विषबाधा झाली आणि त्यातच त्यांचं साम्राज्य बुडालं, असं मी वर्गात मुलांना सांगत आलो आहे. हे बरोबर आहे का? – एक शिक्षक, इचलकरंजी

सर, यापुढे असं सांगू नका. नळ शिशाचे होते आणि शिसं विषारी असतं, या दोन्ही गोष्टी खऱ्या. पण नळ शिशाचा आहे म्हणून पाण्यात शिसं उतरतंच असं नाही. ते पाणी कसं आहे आणि नळात किती वेळ थांबतं, यावर सगळं ठरतं.

रोमचं बरंचसं पाणी शहराच्या पूर्वेकडून, आनिओ नदीच्या खोऱ्यातल्या चुनखडीच्या डोंगरांतून यायचं. म्हणजे जड पाणी. तुमच्याकडे बोअरच्या पाण्याच्या बादलीला आतून जो पांढरा क्षार धरतो, गिझरच्या कॉइलवर जे कवच चढतं, तेच त्या नळांना आतून चढायचं. एकदा तो थर बसला की पाण्याचा आणि शिशाचा फारसा संबंध उरत नाही; पाणी चुन्याच्या नळीतून वाहतं. दुसरी गोष्ट म्हणजे रोममध्ये पाणी सहसा अडवून ठेवत नसत. तोट्या होत्या, पण मुख्य पद्धत अखंड वाहतं पाणी सोडण्याची. रात्रंदिवस कारंज्यात आणि हौदात पडायचं, उरलेलं गटारातून मैला वाहून न्यायचं. शिसं पाण्यात उतरायला पाणी नळात मुरावं लागतं. तिथे मुरायला वेळच मिळायचा नाही.

शिसं अजिबात उतरत नव्हतं, असा याचा अर्थ नाही. टायबर नदीच्या मुखाशी रोमचं बंदर होतं. तिथल्या जुन्या गाळाचा अभ्यास करून २०१४ साली संशोधकांनी दाखवलं की, रोमच्या नळाच्या पाण्यात आसपासच्या झऱ्यांच्या शंभरपटीपर्यंत शिसं असावं. आकडा ऐकून छातीत धस्स होतं. पण झऱ्यात मुळात शिसं नावालाच असतं, आणि एवढ्या प्रमाणाने लोकांना खरोखर अपाय झाला असेल असं वाटत नाही, असं त्याच संशोधकांनी म्हटलं आहे.

थर नसला की काय होतं, तेही मुलांना जरूर सांगा. अमेरिकेतल्या फ्लिंट शहराने २०१४ साली पाण्याचा स्रोत बदलला आणि नदीचं पाणी घेतलं. ते पाणी धातू खाणारं होतं, आणि नळांच्या आतला थर टिकवणारं रसायन त्यात घातलं गेलं नाही. जुन्या शिशाच्या नळजोडण्यांतलं शिसं थेट लेकरांच्या पोटात गेलं. आजच्या काळात, सगळ्या प्रयोगशाळा हाताशी असताना हे घडलं, याचं मला आजही दुःख होतं.

मग रोमन लोकांच्या अंगात शिसं जात नव्हतं का? जात होतं, आणि त्याची एक मोठी वाट स्वयंपाकघरातून होती. द्राक्षाचा रस ते आपल्या काकवीसारखा आटवायचे. गोडीला आणि मद्य टिकवायला तो घालत. कोलुमेल्ला या त्या काळच्या शेतीतज्ज्ञाने रस आटवायला शिशाचं भांडं घ्या असा सल्ला दिला आहे, कारण तांब्याच्या जातीच्या भांड्यात रस कळकतो. कल्हई नसलेल्या पितळेत ताक कसं कळकतं ते आपल्या आजीला ठाऊक होतं, त्यांनाही होतं. पण सुटण्यासाठी त्यांनी जे भांडं निवडलं ते जास्त वाईट. आंबट रस, तासन्‌तास आच आणि शिशाचं भांडं, यातून जे पोटात जाईल त्यापुढे नळाचं पाणी काहीच नाही.

आणि साम्राज्याचं म्हणाल, तर हे नळ रोमच्या भरभराटीच्या काळातही होतेच. रोमन साम्राज्याची पूर्वेकडची राजधानी कॉन्स्टँटिनोपल १४५३ पर्यंत उभी होती. शिशानेच राज्यं बुडत असती तर हा हिशेब जुळला नसता.

प्रश्न : साहेब, मी प्लंबिंगचं काम करतो. मशीन नसताना ते लोक नळ कसा बनवायचे? आणि सांधा कसा धरायचा? – एक वाचक, नाशिक

दादा, तुमच्या धंद्याचं नावच तिथून आलं. शिशाला लॅटिनमध्ये ‘प्लुंबुम’. त्यावरून प्लंबर. गवंड्याच्या ओळंब्याला इंग्रजीत ‘प्लम्ब’ म्हणतात, तेही त्यातलंच.

शिसं ३२७ अंशांवर वितळतं. लाकडाच्या आचेवर सहज होतं. सपाट केलेल्या वाळूच्या गादीवर ते ओतायचे आणि पत्रा पाडायचे. ओतण्याआधीच वाळूत साचा दाबून अक्षरं उमटवलेली असत, म्हणून नळावर सम्राटाचं, मालकाचं किंवा कारागिराचं नाव उठावात येतं. मग पत्रा गोल दांडक्याभोवती वळवायचा, दोन्ही कडा वर जवळ आणायच्या आणि त्या शिवणीवर पुन्हा वितळलेलं शिसं ओतायचं. म्हणून रोमन नळ कापून पाहिला तर गोल दिसत नाही, पाण्याच्या थेंबासारखा वर निमुळता दिसतो. लांबी १० फुटांहून कमी नको, असं व्हिट्रुव्हियस या वास्तुविशारदाने लिहिलं आहे. पत्रा वळवण्याआधी किती बोटं रुंद, तेच नळाचं माप. ५ बोटांच्या नळाला १० फुटांमागे ६० रोमन पौंड शिसं, म्हणजे आपले जवळजवळ २० किलो. १०० बोटांच्या नळाला १,२०० पौंड.

सांधा करताना एका नळाचं तोंड फुलवून त्यात दुसऱ्याचं टोक बसवत आणि डाग देत, नाहीतर सांध्यावर शिशाचंच कडं ओतत. हे वाचलं की मला १९७९ चा मे महिना आठवतो. मी नुकता लागलेला कनिष्ठ अभियंता. ९ इंची बीडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या नळाचं काम चाललं होतं. आमचे हेड फिटर सॉकेटमध्ये, म्हणजे नळाच्या फुगीर तोंडात, आधी तागाची सुतळी ठोकून भरायचे, मग दोरीला चिकणमाती लिंपून सांध्याभोवती गुंडाळायचे, वर एवढंसं तोंड ठेवायचे आणि पळीने शिसं ओतायचे. एका ओतात सांधा भरला पाहिजे; मधे थांबलं तर दोन ओतांमध्ये चीर राहते. थंड झालं की छिन्नी-हातोडीने सगळीकडून ठोकून बसवायचं. त्या दिवशी खड्ड्यात पाणी झिरपत होतं आणि एका सॉकेटमध्ये ओल राहिली. शिसं आत जाताच वाफ झाली आणि ते उसळून फिटरांच्या डाव्या मनगटावर आलं. पुढे कितीतरी वर्षं तो रुपयाएवढा पांढरा डाग ते नव्या पोरांना दाखवायचे आणि म्हणायचे, “आधी फडकं फिरव, मग पळी उचल.” रोमच्या कारागिरांच्या हातांवरही असे डाग असतीलच.

व्हिट्रुव्हियसने त्या माणसांकडे पाहिलं होतं. शिसं ओतणाऱ्यांचा रंग फिका पडतो, त्याची वाफ अंगातलं रक्त मारते, म्हणून पिण्याचं पाणी शिशातून नेऊ नये, भाजलेल्या मातीच्या नळातून न्यावं, असं त्याने स्पष्ट लिहून ठेवलं. मातीच्या नळाची दुरुस्ती कोणीही करू शकतो आणि त्या पाण्याला चवही चांगली, ही त्याची आणखी दोन कारणं. तुमच्या कामाची एक युक्तीही त्याने दिली आहे. मातीच्या नळातून पहिल्यांदा पाणी सोडताना मुखाशी राख टाकायची. सांध्यात कुठे फट राहिली असली तर ती राख जाऊन भरते.

प्रश्न : मी नगरपालिकेच्या पाणीपट्टी विभागातून निवृत्त झालो. रोममध्ये पाण्याचं बिल, मीटर, चोरी असले प्रकार होते का? – एक वाचक, कराड

तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला, कारण माझ्या सगळ्यात आवडत्या माणसाबद्दल बोलायची संधी तुम्ही दिलीत.

इसवी सन ९७ मध्ये सम्राट नेर्व्हाने सेक्स्टस युलियस फ्रॉन्टिनस याला रोमच्या पाण्याचा मुख्य अधिकारी नेमलं. आधी ब्रिटनचा राज्यपाल राहिलेला, मोठा माणूस. तेव्हा शहरात ९ जलवाहिन्या होत्या. पहिली आप्पिया, इसवी सनपूर्व ३१२ ची. असा मानाचा माणूस सही करून मोकळा होऊ शकला असता. त्याने मात्र आधी काम शिकून घेतलं. हाताखालच्यांनी सांगावं तसं साहेबाने करावं, यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही, अशा अर्थाचं त्याने लिहिलं आहे. त्याने जलवाहिन्यांचे नकाशे करून घेतले. दरी कुठे, पूल कुठे, दुरुस्तीला कायम काय लागतं, सगळं नजरेसमोर असावं म्हणून. नोकरीच्या पहिल्या महिन्यात मला हे कोणी वाचायला दिलं असतं तर माझ्या पुढच्या किती चुका टळल्या असत्या!

मीटर नव्हतं. होतं ते आपल्या फेरूलसारखं, म्हणजे घरच्या जोडणीला पाणी किती सुटावं ते ठरवणाऱ्या नळीसारखं. वाटपाच्या हौदाच्या भिंतीत ठरावीक मापाची नळी बसवायची, तिला ‘कालिक्स’ म्हणत. लांबी १२ बोटं, म्हणजे २२ सेंटिमीटरच्या आसपास, आणि धातू कांस्य. कांस्य का? शिसं मऊ, आतून ठोकून सहज रुंद करता येतं. कांस्याला तसं करता येत नाही. प्रत्येक कालिक्सवर मापाचा ठसा मारायचा. मोजण्याचं एकक क्विनारिया : सव्वा बोट व्यासाची नळी. प्रमाणित मापं २५, त्यातली वापरात १५.

आता चोरी. फ्रॉन्टिनसने हौद तपासले तेव्हा काही कालिक्स ठशापेक्षा मोठ्या निघाल्या, काहींवर ठसाच नव्हता. काही कालिक्स बरोबर मापाच्या, पण लगेच पुढे जोडलेला नळ रुंद. पाणी थोडं अंतर तेवढ्याच मापाच्या नळातून गेलं नाही तर खेच वाढते, म्हणून कालिक्सपासून ५० फुटांपर्यंत नळाचं माप बदलायचं नाही, असा नियम होता. काही कालिक्स इतरांपेक्षा खालच्या पातळीवर बसवलेल्या, म्हणजे दाब जास्त. जोडणी दुसऱ्याच्या नावे झाली की कर्मचारी नवं भोक पाडायचे आणि जुनं तसंच ठेवून त्याचं पाणी विकायचे. तुम्ही-आम्ही हे सगळं पाहिलं आहे. मंजुरी अर्ध्या इंचाची आणि खोदल्यावर फेरूल पाऊण इंचाची, हे मी एका गावात एकाच गल्लीत सात ठिकाणी पाहिलं होतं.

त्याहून भयंकर प्रकार रस्त्याखाली. फरसबंदीखालून जाणाऱ्या नळांना जागोजागी भोकं पाडून वाटेवरच्या दुकानांना चोरून पाणी दिलं जायचं. हे काम करणाऱ्या माणसाला त्याच कामावरून नाव पडलं होतं, ‘भोकांवाला’. त्या चोरट्या फांद्या उपटल्यावर जे शिसं गोळा झालं, त्यावरूनच चोरी किती होती ते कळलं, असं फ्रॉन्टिनस सांगतो. रस्त्याच्या कडेला पडलेला तो शिशाचा ढीग मला डोळ्यांसमोर दिसतो.

पाण्याचा हक्क सम्राटाकडे अर्ज करून मिळायचा आणि तो माणसाच्या नावे असायचा. घर विकलं किंवा मालक वारला की हक्क संपला. वारसाने नवा अर्ज करायचा. पाण्याच्या हक्कांतून वर्षाला जवळपास अडीच लाख सेस्टर्टियस (रोमन नाणी) उत्पन्न होतं. कर्मचारी ७००, सगळे गुलाम : २४० सरकारी, ४६० सम्राटाचे. त्यांत देखरेख करणारे, हौद सांभाळणारे, वाहिनीवर फिरून पाहणी करणारे, गिलावा करणारे, आणि फरसबंदीचे दगड उचलून पुन्हा बसवणारे वेगळे. रस्ता खोदला की बुजवणाराही आपल्याच खात्यात असावा, हे मी आयुष्यभर मागत राहिलो. दुरुस्तीसाठी एका वेळी एकच वाहिनी बंद ठेवायची आणि ती ऐन उन्हाळ्यात नाही, हाही त्याचाच दंडक.

एका बाबतीत तो कमी पडला. पाणी वेगाने आलं तर त्याच भोकातून जास्त जातं, हे त्याला माहीत होतं, पण वेग मोजायचं साधन त्याच्याजवळ नव्हतं. म्हणून त्याचे आवक-जावकीचे हिशेब जुळत नाहीत. तफावतीचं बरंचसं खापर त्याने चोरीवर फोडलं आहे आणि काही वेळा ते त्याच्या मोजणीचंच असणार.

प्रश्न : काका, मी फ्रान्समध्ये लियोंला शिकते. नीमजवळचा पों द्यु गार हा तीन मजली पूल पाहिला. इथे लियोंमध्ये मात्र रोमनांनी दरीतून शिशाचे नळ नेले होते असं कळलं. मग तिथेही नळच का टाकले नाहीत? – एक विद्यार्थिनी

बेटा, प्रश्न नेमका विचारलास. नीमचं पाणी उझेसजवळच्या झऱ्यांवरून यायचं. वाहिनी ५० किलोमीटर, आणि एवढ्या लांबीत एकूण उतार फक्त १२.६ मीटर. म्हणजे सरासरी दर मीटरला पाव मिलिमीटर. वहीचे दोन-तीन कागद एकावर एक ठेव, तेवढं. हे त्यांनी बहुधा वीस फुटी लाकडी बाकासारख्या पातळीयंत्रावर, ओळंबे सोडून साधलं. वारा असला की ओळंबा हलतो, म्हणून त्या बाकाच्या वरच्या अंगाला एक पन्हळ कोरलेली असायची, तीत पाणी ओतून पातळी बघायची.

आता दरी आली की दोन वाटा. पूल बांधून पाणी वरच्यावर न्यायचं, किंवा बंद नळातून खाली उतरवून पलीकडे चढवायचं. नळातून नेलं की घर्षणात उंची खर्च होते, पलीकडे पाणी थोडं खालीच निघतं. नीमच्या वाहिनीत उंची अशी उधळायला नव्हतीच. आणि ती दरी ४९ मीटर उंचीच्या पुलाने ओलांडता येण्याजोगी होती. तुझ्या लियोंच्या जिए वाहिनीवर बोनांची दरी १२३ मीटर खोल. एवढा पूल उभा राहत नाही. तिथे शेजारी शेजारी शिशाच्या नळांची रांग टाकली, तळाशी छोट्या पुलावरून नेली आणि पलीकडे चढवली. तळाला दाब हवेच्या दाबाच्या बारापट! वाकडं तिकडं कोपर बसवलं असतं तर फुटून गेलं असतं.

पुन्हा नीमला गेलीस तर शहरातला वाटपाचा हौद नक्की पाहा. साधारण सहा मीटर व्यासाचं गोल टाकं आणि भिंतीला दहा भोकं. प्रत्येकातून एक शिशाचा नळ शहरात जायचा. पूल पाहायला सगळे जातात, या टाक्यापाशी मी असतो तर संध्याकाळपर्यंत हललो नसतो. आणि जलवाहिनीचा गिलावा कुठे उघडा दिसला तर हात लावून बघ : चुन्यात विटा-कौलांचा चुरा. आपली सुरखीच ती.

प्रश्न : सामान्य माणसाच्या घरात नळ होता का? – एक वाचक, पणजी

बहुतेकांच्या नव्हता. नळजोडणी श्रीमंतांची. बाकीचे कोपऱ्यावरच्या सार्वजनिक कारंज्यावरून पाणी भरायचे. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेल्या पाँपेई शहरात अशी चाळीसेक कारंजी सापडली आहेत. व्हेसुव्हियस दरवाजापाशी उंचावर वाटपाचा हौद, तिथून उतारावर शिशाचे नळ, आणि मधे मधे विटांचे मनोरे. प्रत्येक मनोऱ्याच्या डोक्यावर शिशाची टाकी. पाणी वर चढवून पुन्हा खाली सोडलं की उताराचा वाढलेला दाब मोडतो आणि खालचे नळ फुटत नाहीत. कारंज्याच्या दगडी काठावर, तोंडाच्या दोन्ही बाजूंना खळगे पडले आहेत. एक हात टेकून लोक तोंडाशी वाकायचे, त्या हातांनी झिजलेले.

प्रश्न : आमच्या जुन्या घरातल्या पाण्यात शिसं आहे का, हे कसं कळेल? – एक वाचक, वाई

रंगावरून, वासावरून किंवा चवीवरून कळत नाही. प्रयोगशाळेतच द्यावं लागतं. आपल्याकडची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम. पण नमुना नीट घ्या. रात्री शेवटची तोटी बंद केल्यावर सकाळपर्यंत कोणी पाणी वापरू नका, अगदी फ्लशही ओढू नका. सकाळी स्वयंपाकघरातल्या तोटीचं अगदी पहिलं पाणी एका बाटलीत भरा. मग तोटी पाच मिनिटं सोडून ठेवा, ते पाणी झाडांना घाला, आणि दुसरी बाटली भरा. प्रयोगशाळेने दिलेल्याच बाटल्या वापरा. पहिल्या बाटलीत शिसं निघालं आणि दुसरीत नाही, तर दोष तुमच्या घरातल्या तोटीत किंवा डाग दिलेल्या सांध्यात आहे. दोन्हींत निघालं तर बाहेरच्या नळापासून शोध घ्यावा लागेल. दोन्ही बाटल्यांवर वेळ लिहायला विसरू नका आणि अहवाल आला की मला पाठवा.